न उघडणाऱ्या खिडक्या

अमेरिकेतल्या बफेलो शहरात, सेनेका स्ट्रीटवर, १९०३ साली ऑफिस बांधायचं म्हणजे काजळीच्या तोंडाशी कागद घेऊन बसायचं. शेजारून न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेची कोळशाची इंजिनं जात आणि आजूबाजूला कारखाने होते. खिडकी उघडली की काळी पूड आत, बंद ठेवली की उन्हाळ्यात दम कोंडणार. त्यात हे ऑफिस साबणाच्या कंपनीचं, तेही सगळा धंदा टपालावर चालवणाऱ्या. लार्किन कंपनी दुकानदाराला मध्ये न घेता थेट घरी माल पाठवायची. दहा बायकांनी मिळून क्लब करायचा, प्रत्येकीने महिन्याला एक डॉलर द्यायचा, तेवढ्याचं साबण-सामान घ्यायचं आणि दर महिन्याला चिठ्ठी निघेल तिला दहा डॉलरची भेटवस्तू. आपल्याकडच्या भिशीच्या जवळची ही व्यवस्था. यातून रोज पत्रांचे ढीग येत. प्रत्येक पत्र फोडायचं, त्यातले पैसे नोंदवायचे, खातं शोधायचं, उत्तर टाइप करायचं. या कामासाठी १,८०० माणसं बसतील अशी इमारत हवी होती.

या इमारतीबद्दल लिहिणारे बहुतेक जण तिच्या उंच, निर्विकार वीटकामापासून सुरुवात करतात. मी कार्डापासून करतो. कंपनीचा सेक्रेटरी डार्विन मार्टिन. तेराव्या वर्षी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लार्किनचा साबण विकून त्याने सुरुवात केली होती. १८८०च्या दशकात त्याने कंपनीच्या बांधीव खातेवह्या बंद करून प्रत्येक खात्याला एक सुटं कार्ड अशी पद्धत आणली. हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. खातेवहीवर एका वेळी एकच कारकून काम करू शकतो. खातं वाढलं की पान संपतं आणि शिल्लक पुढच्या वहीत ओढावी लागते. बंद पडलेली खाती मधेमधे जागा अडवून बसतात. कार्ड मात्र उपसता येतं, हलवता येतं, आणि खणांच्या एका रांगेशी दहा जणी एकाच वेळी काम करू शकतात. मग ऑफिसला दोन गोष्टी लागतात: हजारो खण आणि स्वच्छ हवा. दिवसातून अनेकदा हाताळलेल्या कार्डाची वरची कड काजळीने काळी पडली की त्यावरचं नाव वाचता येत नाही.

त्या काळातलं शिकागोचं उंच ऑफिस वेगळ्या हिशेबाने बांधलं जाई. १८९१ साली पूर्ण झालेल्या मोनॅडनॉक इमारतीचा जुना भाग घ्या. सोळा मजले, भार विटांच्या भिंतींवर, आणि तळाशी त्या भिंती सहा फूट जाड. आत बोळ, बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या, प्रत्येक खोलीला स्वतःची खिडकी. खोली भाड्याने द्यायची, म्हणून खिडकी हवी. तेव्हाच्या कार्बन तंतूच्या दिव्याचा उजेड मंद, म्हणून खोली फार खोल करून चालत नसे. लार्किनला भाडेकरू नको होते. सगळी माणसं एकाच कामाच्या साखळीत बसणार होती, आणि त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत कोंडणं म्हणजे कागद बोळाबोळांतून फिरवणं. मार्टिनने पस्तिशीतल्या वास्तुकार फ्रँक लॉइड राइटला बोलावलं. राइटच्या नावावर तोवर मुख्यतः घरंच होती. माझ्या मते ते उपयोगी पडलं, कारण ऑफिस कसं दिसतं याची सवय त्याच्या हाताला लागलेली नव्हती.

आराखड्याचा गाभा सोपा आहे. मधोमध ७६ फूट उंचीचा मोकळा चौक, त्यावर काचेचं छत, चारही बाजूंना मजल्यांचे सज्जे. बाजूला तीन मजली जोडइमारत, दोन्हींच्या मध्ये प्रवेश. अडचण होती जिन्यांची. पहिल्या आराखड्यात ते मुख्य ठोकळ्याच्या आत होते आणि सगळी रचना गुदमरल्यासारखी दिसत होती. प्लास्टरची प्रतिकृती समोर असताना राइटला उलगडा झाला: चारही कोपऱ्यांतले जिने बाहेर काढायचे, त्यांचे स्वतंत्र बुरूज करायचे. खर्च ३०,००० डॉलरनी वाढत होता. तो पुढच्या गाडीने बफेलोला गेला आणि मालकाला ते पटवलं. ही हकिकत त्यानेच आत्मचरित्रात लिहिली आहे. ती वाचताना लोक रूपाबद्दल बोलतात, पण मालकासमोर त्याने मांडलेला मुद्दा उपयोगाचा होता. बुरूज आगीत सुटकेची वाट होणार होते आणि त्याच बुरुजांतून इमारत श्वास घेणार होती.

हवेचा रस्ता नीट पाहण्यासारखा आहे. आत घेण्याचं तोंड बुरुजाच्या माथ्याशी, म्हणजे रेल्वेच्या धुरापासून जमेल तितकं वर. तिथून जिन्याला लागून असलेल्या पोकळीतून हवा खाली तळघरात येते. तळघरात पाण्याच्या फवाऱ्यातून ती धुतली जाते आणि काजळी पाण्याबरोबर निघून जाते. हिवाळ्यात ती तापवली जाते आणि पंखे तिला पुन्हा वर ढकलतात. वर नेणाऱ्या वाटा बुरुजांलगतच्या जाड, खिडकी नसलेल्या वीटकामात आहेत. बाहेरून जो भाग किल्ल्यासारखा भरीव वाटतो, तो खरं तर पोकळ आहे. प्रत्येक मजल्यावर सज्ज्यांच्या कडेच्या पोकळ भागातून हवा बाहेर सोडली जाते. वायरी आणि नळही अशाच उभ्या वाटांतून जातात. खिडक्या दुहेरी काचेच्या आणि कायमच्या बंद. इमारतीचा प्रत्येक ठळक उभा भाग काहीतरी वाहून नेतो.

ही यंत्रणा वातानुकूलनाची सुरुवात म्हणून सांगितली जाते आणि राइटनेही तसा दावा केला. तिथे थोडं अचूक राहायला हवं. १९०६ साली लोक इथे कामाला बसू लागले तेव्हा हवा धुतली आणि तापवली जात होती. हवा थंड करणाऱ्या यंत्राची सोय १९०९च्या सुमाराला आली. आर्द्रतेवर नेमका ताबा ठेवणं, ज्यावर अभियंता विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी १९०२ साली काम केलं होतं, ते इथे नव्हतं. फवाऱ्यातून निघालेली हवा ओलसर असते. उन्हाळ्यात बाहेरच दमट असेल तर नुसती धुतलेली हवा काजळीपासून वाचवते, घामापासून नाही. बंद इमारतीची दुसरी अडचण अशी की पंखा थांबला की पर्याय उरत नाही, कारण उघडायला खिडकीच नसते. आज काचेने मढवलेल्या प्रत्येक ऑफिसला हीच अट लागू आहे. फरक इतकाच की लार्किनकडे खिडकी बंद करण्याचं सबळ कारण होतं.

खिडक्या उंचावर होत्या, त्याचंही कारण कागदात आहे. बाहेरच्या भिंतीच्या कडेने, उभ्या माणसाच्या हाताला येतील इतक्या उंचीपर्यंत, पोलादी खणांची कपाटं भिंतीतच बसवली होती. खिडकीची पट्टी त्यांच्या वर. त्यामुळे भिंतीचा खालचा भाग वाया गेला नाही, आणि उजेड वरून तिरका, टेबलाच्या आतल्या कडेपर्यंत पोचला. दुसरीकडून चौकाचा उजेड. आतलं वीटकाम फिकट साय रंगाच्या, जवळजवळ चिनीमातीसारख्या कडक विटांचं होतं. ते उजेड परत फेकतं आणि ओल्या फडक्याने पुसता येतं. कपाटं बाहेर काढून ठेवली असती तर त्यांच्या माथ्यावर आणि पाठीमागे धूळ बसली असती.

ही इमारत झाडणाऱ्याचा विचार किती बारकाईने करते, हे मला सगळ्यात जास्त भावतं. टेबलं आणि खुर्च्या पोलादाच्या, क्लीव्हलंडच्या व्हॅन डॉर्न आयर्न वर्क्सने बनवलेल्या. काही टेबलांना खुर्ची एका फिरत्या दांड्याने टेबलालाच जोडलेली होती. पाठ दुमडून ती टेबलाखाली सरकवली की जमीन मोकळी, झाडूला पाय आडवे येत नाहीत. संडासाची भांडी जमिनीवर न ठेवता भिंतीतून टांगलेली, मधले आडोसेही जमिनीपासून वर, म्हणजे फडकं सलग फिरतं. टांगलेल्या भांड्याचा भार भिंतीतल्या पोलादी कैचीवर येतो आणि नळजोडणीही भिंतीत जाते. म्हणून ही गोष्ट बांधकामाआधीच ठरवावी लागते, मागाहून सुचून चालत नाही. जमिनीला आणि टेबलांच्या वरच्या फळ्यांना मॅग्नेसाइट वापरलं होतं. मॅग्नेशियाचा सिमेंटसारखा लगदा, त्यात लाकडाचा भुसा किंवा तंतू. तो सांध्याशिवाय ओतता येतो, पायाला सिमेंटपेक्षा ऊबदार आणि थोडा मऊ लागतो, आगीला दाद देत नाही. मात्र या जातीचं सिमेंट पाण्यात फार काळ टिकत नाही आणि त्यातले क्लोराइड क्षार लोखंडाला गंजवतात. म्हणून ते कोरडं ठेवावं लागतं आणि पोलादाला थेट भिडू द्यायचं नसतं.

टेबलाला जोडलेल्या खुर्चीबद्दल मात्र माझं मत चांगलं नाही. दांड्याची लांबी ठरलेली, म्हणून बसणारीचं अंतरही ठरलेलं. उंच आणि बुटक्या बाईला एकच कंस. झाडू सुखी झाला, पाठ नाही.

चौकाच्या तळाशी अधिकारी बसत, सगळ्यांच्या नजरेखाली. वरच्या सज्ज्यांवरून ते दिसत आणि त्यांनाही सज्जे दिसत. वरच्या कठड्यांवर तीन-तीन शब्दांच्या ओळी कोरल्या होत्या. त्यांतले काही शब्द: औदार्य, परोपकार, त्याग, निष्ठा, सचोटी, काटकसर, उद्योग, सहकार्य. सर्वांत वरच्या मजल्यावर उपाहारगृह आणि झाडांची काचघर-बाग, गच्चीवर फिरायला विटांची फरसबंदी, जोडइमारतीत शेकोटीची विश्रांतीची खोली. कारकुनांत बहुसंख्य बायका होत्या. शहरातल्या इतर ऑफिसांतल्या त्यांच्या मैत्रिणींना स्वच्छ हवा मिळत नव्हती आणि दुपारी वर जाऊन जेवायची सोय नव्हती, हे विसरू नये. कठड्यावरचे शब्द दिवसभर डोक्यावर वागवायला मला आवडलं नसतं, हेही तितकंच खरं. पण मालक आणि कारकून एकाच छताच्या उजेडात बसावेत, हे तिथे दगड-विटांत उतरलं होतं.

१९०८ साली समीक्षक रसेल स्टर्जिसने या इमारतीला कुरूप म्हटलं. डच वास्तुकार बेर्लाख १९११ साली प्रत्यक्ष पाहून गेला आणि युरोपात हिच्या तोडीची इमारत नाही असं त्याने लिहिलं. बाहेरून ही इमारत खरोखरच कठोर आहे. तिचं सौंदर्य छेदात, म्हणजे इमारत उभी कापली तर दिसेल त्या रचनेत आहे, आणि फोटोत छेद दिसत नाही.

तीस वर्षांनी राइटने पुन्हा एकदा पाठ फिरवलेलं ऑफिस बांधलं. विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावात मेणाची पॉलिश बनवणाऱ्या जॉन्सन कंपनीचं. १९३६ साली हर्बर्ट जॉन्सनने दुसऱ्या वास्तुकाराचा तयार आराखडा बाजूला ठेवून त्याला काम दिलं. राइटचं म्हणणं, कंपनीने गावाबाहेर मोकळ्यावर जावं. जॉन्सन कबूल झाला नाही. मग आजूबाजूचं कारखान्यांचं दृश्य आत येऊच द्यायचं नाही, असं ठरलं. कामाचं मोठं दालन १२८ फूट बाय २२८ फूट, आणि बाहेर बघता येईल अशी खिडकी एकही नाही.

इथला नवेपणा खांबात आहे. नेहमीचा खांब खाली जाड आणि वर निमुळता असतो. हा तळाशी अवघा ९ इंच व्यासाचा, वर जाताना रुंदावणारा, आणि माथ्यावर साडेअठरा फूट व्यासाची गोल थाळी, जिला राइट कमळाचं पान म्हणे. उंची एकवीस फुटांच्या वर. तळाला कावळ्याच्या पंजासारखा तीन बरग्यांचा धातूचा पाय. एकटा ठेवला तर तो डोलेल असं वाटतं, आणि तो एकटा उभा राहावा अशी कल्पनाही नाही. शेजारच्या थाळ्या जिथे एकमेकींना टेकतात तिथे छोट्या तुळया त्यांना जोडतात. सगळं छत एक चौकट बनतं, आडवा रेटा वरच आवरला जातो, म्हणून तळाला वाकण्याचा ताण जवळजवळ येत नाही आणि पाय इतका बारीक चालतो. खांब पोकळ आहे आणि छताचं पावसाचं पाणी त्यातूनच खाली जातं.

पोकळ खांबाच्या पातळ भिंतीत नेहमीच्या जाड सळया बसवणं अवघड. एक तर वरचं आवरण पुरत नाही, दुसरं म्हणजे सळईभोवती काँक्रीट पोचत नाही. म्हणून पोलादाची ताणलेली जाळी गोल वळवून साच्यात ठेवली आणि काँक्रीटची ताकद दर चौरस इंचाला ७,००० पौंडांपर्यंत नेली. त्या काळातल्या साध्या काँक्रीटच्या मानाने ही फार मोठी झेप होती. जाळी सगळीकडे सारखी पसरलेली असल्याने ताण एका सळईवर गोळा होत नाही.

राज्याच्या बांधकाम नियमांनुसार इतक्या उंचीला ३० इंच जाडीचा खांब हवा होता. परवानगी अडली. तोडगा निघाला तो चाचणीचा: एक खांब जागेवर ओता आणि त्यावर १२ टन चढवून दाखवा. ४ जून १९३७ रोजी टेकू दिलेल्या त्या एकट्या खांबावर वाळूची पोती आणि लोखंडाचे ठोकळे चढवायला सुरुवात झाली. बारा टन झाले, राइटने थांबू दिलं नाही. साठ टनांपर्यंत भार गेला, वर ठेवायला जागा उरली नाही, आणि थाळीखालच्या भागात तडे दिसू लागले. मग टेकू ओढून तो पाडला. परवानगी मिळाली. या प्रसंगाचं नाट्य सगळे सांगतात. मला मोलाचं वाटतं ते असं की नियम बनवणाऱ्यांचा संशय रास्त होता. त्यांच्या कोष्टकात पोकळ, जाळीदार, वरून जखडलेल्या खांबाला रकानाच नव्हता, आणि ज्याला रकाना नाही त्याला मोजून दाखवणं हाच प्रामाणिक मार्ग.

गोल थाळ्या एकमेकींना टेकल्या की मधे मोकळ्या जागा उरतात. तिथून उजेड घ्यायचा होता, पण आकाश दिसू द्यायचं नव्हतं. उत्तर होतं पायरेक्स काचेच्या नळ्या, एकावर एक रचलेल्या, ॲल्युमिनियमच्या खाचदार पट्ट्यांना तारेने बांधलेल्या. भिंत जिथे छताला मिळते तिथेही याच नळ्यांची पट्टी, त्यामुळे खोलीचा वरचा कोपराच नाहीसा होतो. भिंतींवर भार नसल्याने हे शक्य झालं. छतात नळ्यांचे दोन थर आणि मधे विजेचे दिवे, म्हणजे संध्याकाळीही उजेड त्याच जागेतून येतो.

आणि छत गळलं. हे अटळ होतं, कारण साधं आहे. दोन नळ्यांच्या मधला सांधा पुटीसारख्या मसाल्याने भरला होता. काच, ॲल्युमिनियम आणि मसाला हे तिघे उन्हाने वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि थंडीत आक्रसतात. रसीनचा हिवाळा कडक, उन्हाळा तापणारा. वर्षभरात मसाला कडक होतो, काचेपासून सुटतो, आणि केसाएवढी फट पाण्याला पुरते. सपाट काचेच्या छतात सांधे मोजके असतात. इथे प्रत्येक नळी म्हणजे एक सांधा, आणि आडव्या छतावर पाणी वाहून न जाता खाचांत थबकतं. टेबलांवर बादल्या ठेवाव्या लागत. शिवाय उभ्या पट्ट्यांतून ऊन थेट आलं की डोळे दिपत.

जमिनीखालून वाफेचे नळ नेऊन खालून ऊब देण्याची पद्धत मात्र उत्तम चालली. तिची ओढ राइटला जपानमधल्या एका कोरियन पद्धतीच्या खोलीत बसल्यापासून लागली होती. विटा दोनशेहून जास्त आकारांच्या, वळणांसाठी मुद्दाम भाजलेल्या. आडव्या दरजा खोल कोरल्या आणि उभ्या विटेच्या पातळीला भरल्या, म्हणून भिंत आडव्या रेघांची दिसते. तीन पायांची खुर्ची ताठ बसलं नाही तर कलंडायची. तिला पुढे चौथा पाय दिला गेला, योग्यच झालं.

जॉन्सनचं ऑफिस एप्रिल १९३९ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी बफेलोत लार्किनच्या चौकात किरकोळ विक्रीचं दुकान थाटलं गेलं, कारण टपालाचा धंदा साखळी-दुकानांनी आणि मोटारींनी ओसरवला होता. १९४३ साली इमारत विकली गेली, १९४५ साली करथकबाकीत शहराच्या ताब्यात आली. रिकाम्या इमारतीच्या काचा फुटल्या, धातू चोरीला गेला. १९४९ साली ती ५,००० डॉलरला पाडायला विकली आणि १९५० साली पाडली. बांधकाम इतकं भक्कम की पाडायला महिने लागले. त्या जागी ट्रक टर्मिनल होणार होतं, ते कधी झालंच नाही. कुंपणाचा एक विटांचा खांब तेवढा राहिला.

ऑफिस म्हणून मी लार्किनला वरचा क्रमांक देतो. तिथला प्रत्येक निर्णय कागद, हवा आणि झाडू यांच्याशी बांधलेला आहे. रसीनचं दालन त्याहून सुंदर, पण त्याच्या छताने कारकुनांना त्रास दिला. तरी उभं राहिलं ते रसीनच, कारण तिथे ज्या कंपनीने बांधलं तीच आजही मालक आहे आणि दुरुस्तीचा खर्च करत आली. तिथेच राइटने नंतर बांधलेल्या संशोधनाच्या मनोऱ्याचा वापर टिकला नाही. १९५० सालच्या त्या इमारतीत एकच अरुंद जिना होता, आगीवर पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती, आणि १९८०च्या दशकात तिथलं काम थांबवावं लागलं. दालनाच्या छतावर मात्र बहुतेक काचेच्या नळ्यांच्या जागी नळीसारख्या लाटांचे प्लॅस्टिकचे पत्रे आले, आणि पुढे सिलिकॉन हातात आल्यावर सांधे अखेर लवचीक झाले. मूळ काच काढली म्हणून काही अभ्यासक अजून हळहळतात. मला ती दुरुस्ती बरोबर वाटते. खालून पाहणाऱ्याला तोच विखुरलेला उजेड मिळतो, आणि टेबलावरचा कागद कोरडा राहतो.